खालची फूट

जून उजाडला की आमच्या आळीत कुणाच्याही स्वयंपाकघरात धारेची सुरी जागेवर सापडत नाही. पावसाला सुरुवात झालेली असते, हवा दमट झालेली असते आणि घरोघरची कर्ती पुरुषमंडळी मानेत छत्री धरून परसातल्या एखाद्या निरपराध झाडासमोर उभी असतात. कलमं बांधायचा मोसम! रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला पोहता आलं नाही तरी खपतं. गणपतीत आरत्या पाठ नसल्या तर नुसते ओठ हलवून निभावता येतं. पण ‘मला कलम बांधता येत नाही’ असं चारचौघांत म्हणणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. बांधता सगळ्यांनाच येतं. जगत कुणाचंच नाही. त्याचा दोष कधी काडीचा असतो, कधी खुंटाचा, कधी पावसाचा, आणि फारच झालं तर शेजाऱ्याच्या नजरेचा. बांधणाऱ्याचा हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या निर्दोष.

आमच्या परसात एक रायवळ आंबा आहे. तो कुणी लावलेला नाही. कुणीतरी आंबा चोखून बाठा फेकला आणि तो रुजला, एवढाच त्याचा इतिहास. फळ लहान, रेषाळ, पण गोड. मे महिन्यात रात्रभर पत्र्यावर पडत राहतो. सकाळी घमेलं घेऊन वेचायचे, बिटक्यांचं रायतं करायचं, पोरांनी कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर चोखायचे. कुणाची काही तक्रार नव्हती. मग मी निवृत्त झालो.

निवृत्त माणसाला सुरळीत चाललेलं काही बघवत नाही. घरातल्या डब्यांना लेबलं लावून झाली, चालू असलेलं घड्याळ उघडून बंद पाडून झालं, आणि नजर परसाकडे वळली. त्यातच लखनौजवळच्या मलिहाबादच्या हाजी कलीमुल्ला खान यांच्याविषयी वाचनात आलं. या गृहस्थांनी कलमं बांधून बांधून एकाच आंब्याच्या झाडावर तीनशेहून अधिक जाती वाढवल्या आहेत. 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आंब्यांत एक सचिन तेंडुलकरच्या नावाचा आहे, एक ऐश्वर्या रायच्या. त्यांनी शाळा सातवीतच सोडली, असंही त्यात होतं. मी बी.कॉम. आहे.

“अगं, एका झाडावर तीनशे!” मी बायकोला म्हणालो.

“आपल्याला यंदा चारशेच्या वर मिळाले. रायतं करून हात दुखले माझे.”

“तीनशे प्रकारचे.”

“मग लोणच्याला कुठला काढायचा ते कसं कळणार?”

मोठ्या कामाची सुरुवात अशा प्रश्नांनीच खच्ची होते. मी तिला उत्तर दिलं नाही. (ते मला अजूनही सुचलेलं नाही.)

आंब्याला हात घालण्याआधी सराव म्हणून गुलाब घेतला. गावठी गुलाबाच्या फांदीवर सालीत इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा डोळा सालीसकट अलगद काढून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. याला डोळा भरणं म्हणतात. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात तो डोळा मसुराच्या डाळीएवढा असतो, आपला चष्मा खिशात असतो, आणि काढलेला डोळा हातातून निसटून गवतात पडला की परसभर ओणवं होऊन तो शोधावा लागतो. सापडला तो डोळाच होता की आणखी काही, याची खात्री देता येत नाही. मी तो भरला. वरची बाजू वर होती का, असं मेहुण्यानं फोनवर विचारलं, तेव्हा पट्टी बांधून झाली होती.

आणि काय सांगू, पंधरवड्यात झाडाला असा जोर आला! हातभर लांब, तकतकीत, काटेरी फूट. मी तिला शेंगदाण्याची पेंड घातली, ताक पाजलं, काठीचा आधार दिला. येणाऱ्याजाणाऱ्याला फाटकातून ओढून आणून दाखवली. फूल आलं तेव्हा ते नखाएवढं, फिकट गुलाबी, गावठी निघालं. नर्सरीवाले भाऊ कशाला तरी आले होते, त्यांनी झाडाकडे न वाकताच सांगितलं, “काका, ही खालची फूट. तुमचा डोळा कधीच वाळला.” आणि बोलता बोलता चिमटीनं ती फूट मोडली, माझ्या देखत.

कलम करणाऱ्यांच्या दुनियेत ‘खालची फूट’ इतकं लागट दुसरं काही नाही. ज्याच्यावर कलम बांधतात तो खुंट रांगडा असतो, म्हणूनच त्याला घेतात. पण त्याला आपल्या डोक्यावर कुणी पाहुणा आणून बसवलाय हे मान्य नसतं. सांध्याच्या खालून तो स्वतःची फूट काढतो. ती वरच्या काडीपेक्षा जोमदार, हिरवीगार आणि लाघवी असते. नवशिका तिच्या प्रेमात पडतो, आणि वरची काडी उपाशी मरते.

भाऊंनी मग त्यांच्या नर्सरीत नेऊन मला कोय कलम दाखवलं. पंधरा दिवसांचं रोप, पानं अजून तांबूस, खाली बाठा चिकटलेला. भाऊंनी शेंडा उडवला, राहिलेल्या दांड्याला मधोमध दोनेक इंच चीर दिली. हापूसची पेन्सिलीएवढी काडी घेतली, दोन बाजूंनी एकेक घाव घालून तिची पाचर केली. फक्त दोन घाव. मी तिथे मनातल्या मनात अकरा घाव घातले होते. पाचर चिरेत बसवली, निदान एका बाजूची तरी साल सालीला टेकली आहे ना हे अंगठ्यानं पाहिलं, आणि प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळत नेऊन गाठ मारली. हे सगळं करताना ते कुणाशी तरी पालखीच्या वर्गणीवरून वाद घालत होते. हातांकडे त्यांनी पाहिलंही नसावं. अशी कलमं मोसमात दिवसाला शेकड्यांनी बांधतात, आणि त्यांची जगतात.

“काय आहे यात?” मी बायकोला घरी येऊन म्हणालो. “बसलेली कामं आहेत ही. बैठक हवी.”

पण माझं झाड उभं होतं, आणि वीसेक फूट वर गेलेलं होतं. मोठ्या झाडाचं करायचं तर उन्हाळ्याआधी काही फांद्या छाटायच्या, त्यांना नवी कोवळी फूट आली की पावसाच्या तोंडावर त्या फुटींवर काड्या बांधायच्या. फांद्या छाटल्या. कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो पेस्ट लावतात. तिची जन्मकथा गमतीची आहे. फ्रान्समध्ये बोर्दोच्या भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर चोरांनी हात मारू नये म्हणून बागवाले हे निळं मिश्रण फवारत. 1880च्या दशकात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की फवारलेल्या वेलींवर केवडा पडत नाही. आमच्याकडे चोर आला नाही, केवड्याचा प्रश्न नव्हता, पण मी शिडीवरून डबा सोडल्यामुळे दोरीवरचं सगळं धुणं निळं झालं. बायकोची एक पांढरी साडी त्यात होती. त्यावर घरात जे झालं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

काड्या राजापूरकडच्या मावसभावाच्या बागेतून आणायच्या ठरल्या. मी गेलो तर तो म्हणाला, “आलास होय? अरे, आठ-दहा दिवस आधी पानं छाटून ठेवायची असतात. देठ तेवढे ठेवायचे. ते आपोआप गळाले, डोळे फुगले, की काडी तयार.” म्हणजे परत घरी, आणि परत राजापूर. दुसऱ्या खेपेला काड्या ओल्या फडक्यात, त्यावर केळीच्या पानात गुंडाळून मांडीवर घेतल्या आणि एस.टी.त बसलो. पुडक्यातून पाणी ठिबकत होतं. शेजारच्या काकूंनी दोन थांबे दम धरला आणि मग विचारलं, “बांगडे कसे दिलेनी?”

“हापूस आहे,” मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पुडक्याकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

पट्ट्यांसाठी दुधाच्या पिशव्या धुऊन कापल्या. काडीवर टोपी घालावी लागते, नाहीतर ती सुकते. त्यासाठी पेप्सीच्या लांबोड्या पिशव्या उत्तम, असं भाऊ म्हणाले. पेप्सी म्हणजे पोरं चोखतात तो रंगीत बर्फ. मी आळीतल्या सगळ्या पोरांना उदार मनानं पेप्सी वाटली. अट एकच, पिशवी मला द्यायची. दोन दिवसांत आळीतली पोरं खोकायला लागली आणि त्यांच्या आया आमच्या ओट्यावर जमल्या. पिशव्या तरी मिळाल्या म्हणावं, तर त्यांतल्या निम्म्या दातांनी दोन्हीकडून फोडलेल्या.

अखेर बांधायचा दिवस आला. घाव दोन घालायचे हे मला पाठ होतं. पहिला घाव काडीवर बसला, दुसरा डाव्या अंगठ्यावर. आंब्याच्या चिकानं मनगटावर फोड आले. दुधाच्या पिशवीची पट्टी आधी अंगठ्याला लागली, उरली ती झाडाला. पण संध्याकाळपर्यंत झाडावर ओळीनं टोप्या घातलेल्या काड्या उभ्या होत्या. हापूस, पायरी, केशर आणि मावसभावानं आपल्या मनानं घातलेली एक ‘रत्ना’. ही दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली जात. प्रत्येकीला मी कागदी चिठ्ठी बांधली, बॉलपेननं सुवाच्य अक्षरात. कोकणात, जूनमध्ये, बॉलपेननं.

दुसऱ्या दिवसापासून झाडाची अवस्था इस्पितळात ठेवलेल्या पेशंटसारखी झाली. लोक समाचाराला येऊ लागले. येणारा आधी झाडाकडे पाहून ‘च्‌च्‌’ करी, मग हळू आवाजात मला विचारी, “कधी केलंत?” तारीख ऐकली की मान हलवी. एकजण म्हणाला, मृगातच बांधायला हवं होतं. दुसरा म्हणाला, मृगात कोण बांधतं, आर्द्रा लागू द्यायच्या. तिसऱ्यानं सुरी कुठली वापरली ते विचारलं. कांद्याची, म्हटल्यावर तो काही न बोलता निघून गेला. शेजारचे अण्णा रोज कुंपणापलीकडून विचारत, “काय, डोळे उघडले का?” आणि मी म्हणे, “अजून नाही.” नारळपाणी तेवढं कुणी आणलं नाही.

नारळावरून आठवलं. समाचाराला आलेल्या एकानं विचारलं की माडावर सुपारीचं कलम का बांधत नाहीत, म्हणजे एकाच चढणीत दोन्ही उतरवता येतील. प्रश्न मूर्ख नव्हता. मला भाऊंना विचारावं लागलं. कलम जमतं ते सालीखालच्या ओलसर हिरव्या थरामुळे. एकाचा थर दुसऱ्याच्या थराला टेकला की ते एकमेकांत वाढतात. माड, पोफळ, केळ यांच्यात तसं सलग कडंच नाही. तेव्हा तिथे सुरी चालवून उपयोग नाही. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, पण कूळ एक म्हणून काही आंब्यावर काजूची काडी धरत नाही. कलम जमायला गोत्र आणखी जवळचं लागतं. लिंबाच्या खुंटावर मोसंबं चालतं, रायवळावर हापूस चालतो. आळीतल्या त्या गृहस्थांचं समाधान झालं नाही. त्यांनी घरी जाऊन माडावर प्रयोग केला असावा, कारण नंतर बरेच दिवस ते रस्ता बदलून जात होते.

बांधल्यानंतर कलमाला माणसाकडून काहीही नको असतं. आणि हेच माणसाला देता येत नाही. चार दिवस मी दम धरला. पाचव्या दिवशी एका काडीची पट्टी थोडी सोडून पाहिली. नुसतं पाहिलं. जमत होतं असं वाटलं, म्हणून परत बांधली. मग शेजारच्या काडीचं काय चाललंय ते कळावं म्हणून तीही सोडली. बायकोनं खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही इडलीचं झाकणसुद्धा असंच उघडता.” भाऊंना फोनवर विचारलं की सांधा आतून बघता येतो का. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

मग वानरं आली. टोळीनं आली, आणि रंगीत टोप्या पाहून थेट झाडावर चढली. एकेक पिशवी उपसून हुंगत गेली. त्यातल्या एका म्हाताऱ्या वानरानं एक काडीही ओढून काढली, उलटसुलट पाहिली, पाचरेचा काप नीट न्याहाळला आणि फेकून दिली. आळीत माझ्या कामाविषयी एवढं मुद्देसूद मत दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

तरी काही उरल्या. आणि एका सकाळी एकीवर कोंब दिसला. तांबूस, इवलासा. मी धावत जाऊन पेढे आणले. अण्णांना कुंपणावरून दिले, पोरांच्या आयांना दिले, मावसभावाला फोन केला. भाऊ आले, त्यांनी आधी पेढा खाल्ला आणि मग सांगितलं, “काका, काडीत स्वतःचा रस असतो. तेवढ्यावर ती कोंब काढते. सांधा जमलेला असेलच असं नाही. महिना जाऊ द्या, मग बघू.” महिना गेला नाही. आठवड्यात कोंब काळा पडला. पेढ्यांबद्दल आळीत कुणी काही बोललं नाही, पण पोरांची मुंज कधी, नव्या गाडीची पूजा कधी, असं मला अधूनमधून विचारत राहिले.

त्यानंतर आली ती दणकट, लांब पानांची, डोळ्यांत भरणारी फूट. या वेळी मी कुणाला सांगितलं नाही. गुपचूप शिडी लावून चढलो, चष्मा घातला, पाहिलं. सांध्याच्या बोटभर खाली. मी ती मोडली. आठवड्यात तिथेच तिच्या दोन बहिणी आल्या. मोडल्या. त्यांच्या जागी चार आल्या. रायवळाला माझ्यापेक्षा मोकळा वेळ जास्त होता.

ज्यांची पट्टी मी सोडून पाहिली त्या वाळल्या. दोन काड्यांची पट्टी मात्र मी कानाला खडा लावून अजिबात सोडली नाही. त्या जगल्या, पानं धरली, आणि पुढच्या उन्हाळ्यात गळा आवळून गेल्या, कारण सांधा जमल्यावर तीन-चार महिन्यांत पट्टी काढायची असते. बघितलं तरी मरतं, नाही बघितलं तरी मरतं. या विषयावर माझं आणि भाऊंचं बोलणं त्या दिवशी थोडं वाढलं.

एक मात्र जगलं. अण्णांच्या कुंपणावर ओणवलेल्या फांदीवर मी एक काडी बांधली होती आणि पार विसरून गेलो होतो. माझ्या बाजूनं ती दिसत नाही. अण्णांना दिसत होती. वेळ झाली तेव्हा त्यांनी नेलकटरनं पट्टी काढली, खालच्या फुटी काढत राहिले, आणि ‘डोळे उघडले का’ असं मला रोज विचारत असताना याबद्दल अवाक्षर काढलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, “सांगितलं असतं तर तुम्ही बघायला आला असता.”

काही वर्षांनी त्या फांदीला फळ धरलं. चिठ्ठीवरची शाई पहिल्याच पावसात वाहून गेली होती, त्यामुळे जात कुठली ते ठरवायला आळीची बैठक बसली. अण्णांनी आंबा कापला. एक म्हणाला पायरी, एक म्हणाला केशर, रत्ना कुणी आधी खाल्लीच नव्हती, म्हणून रत्ना असल्याची दोघांना खात्री होती. हापूस नाही यावर एकमत झालं. ज्या आल्बुकर्कच्या नावावरून हापूसला नाव पडलं, त्यानं 1510 साली गोवा घेतला. माझ्या झाडाची ती एक फांदी त्या दिवशी अण्णांनी घेतली. आंबे त्यांच्या हद्दीत पडतात, पानं माझ्या.

रायवळ बरा आहे. छाटलेल्या फांद्यांवर जोरात फुटला आहे, आणि यंदाचं रायतं भरपूर झालं. तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणाला काडी बांधून बघायची खुमखुमी असेल, तर जूनमध्ये आमच्याकडे जरूर या. झाड आहे, शिडी आहे, खालच्या फुटी हव्या तेवढ्या आहेत. फक्त सुरी घरून आणा. आमच्याकडे बायकोनं ती कपाटात कुलपात ठेवली आहे, आणि किल्ली अण्णांकडे आहे.